नदी कुठे गेली?

२००९ सालच्या उन्हाळ्यात आई-बाबा पहिल्यांदाच लंडनला आले. मी एम.एस्सी. पूर्ण करून नोकरीला लागल्याला तेव्हा चारेक वर्षं झाली होती आणि 'आमच्या लंडन'चं मला जरा जास्तच कौतुक होतं. राणीचा राजवाडा झाला, मादाम तुसॉ झालं, नीसडनचं मंदिर झालं. पण बाबांना यातलं काहीच फारसं भावलं नाही. त्यांना भावला तो ट्यूबचा नकाशा! स्टेशनवर फुकट मिळणारा, घडी घालून खिशात मावणारा. आयुष्यभर पुण्यात पीएमटीने बँकेत गेलेल्या माणसाला इतकी मोठी रेल्वे एवढ्याशा कागदावर कशी मावली, याचंच नवल वाटत राहिलं. रोज सकाळी चहाबरोबर ते नकाशा उघडून बसत आणि 'आज इथे जाऊ या' म्हणून बोट ठेवत.

सप्टेंबरपर्यंत त्या नकाशाच्या घड्या फाटल्या, म्हणून मी येताना स्टेशनवरून नवा आणला. बाबांनी तो उघडला, बराच वेळ उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले,

"अगं, नदी कुठे गेली?"

मी पाहिलं तर खरंच, थेम्स नव्हती! सप्टेंबरच्या त्या आवृत्तीत नदीची निळी रेघ काढून टाकली होती आणि भाड्याचे झोनही गेले होते. गर्दी कमी करून नकाशा सुटसुटीत करायचा, हा उद्देश.

"काढलीये, बाबा. बघा किती स्वच्छ दिसतोय आता. दोन दिवसांत सवय होईल."

"सवय कशाचीही होते गं. पण आपण नदीच्या अलीकडे की पलीकडे, ते आता कुठे बघायचं?"

मी हसले. नारायण पेठेत वाढलेला माणूस! जग दोनच भागांत विभागलेलं, नदीच्या अलीकडचं आणि नदीपलीकडचं, म्हणजे डेक्कनकडचं. पुढे बाबांनी एक निळं बॉलपेन घेतलं आणि नव्या नकाशावर, जुना शेजारी ठेवून, स्वतःच नदी काढली. मी आणखी हसले.

पण हसणारी मी एकटीच निघाले. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत ओरड सुरू झाली. लंडनचे तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये होते. थेम्स नकाशावरून नाहीशी झाल्यावर माझा विश्वासच बसत नाही, ती परत येईल, असं त्यांनी तिथूनच जाहीर करून टाकलं. डिसेंबरच्या आवृत्तीत नदीही परत आली आणि झोनही. "बघ, माझी तक्रार पोचली," असं बाबा नंतर कितीतरी जणांना सांगत.

वाचकहो, हा किस्सा मी अनेक वर्षं 'गंमत' म्हणून सांगत आले. आज तो वेगळ्या कारणासाठी सांगते आहे. माझा धंदा आय.टी.चा. लोकांच्या रोजच्या वापरातल्या कॉम्प्युटरच्या स्क्रीन बदलून देणं हे माझं पोट भरण्याचं साधन. बदल केला की तक्रारी येतात. त्यासाठी आमच्याकडे एक तयार वाक्य असतं, 'लोकांना बदल नकोच असतो, सवय होईल.' हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलं आहे. ते अर्धं खोटं आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आणि ते शिकवणारा सगळ्यात चांगला धडा आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे, हाच ट्यूबचा नकाशा.

आधी थोडा इतिहास. १९३३ पूर्वीचे ट्यूबचे नकाशे भूगोलाला बऱ्यापैकी धरून असत. लाईन जमिनीखाली जशी वळते तशी कागदावर वळायची. मध्य लंडनमध्ये स्टेशनांची नावं एकमेकांवर चढायची आणि उपनगरांकडे कागद मोकळा. हॅरी बेक हा अंडरग्राउंडच्या सिग्नल खात्यातला ड्राफ्ट्समन. त्याने १९३१ साली फावल्या वेळात वेगळाच नकाशा काढला. सगळ्या रेघा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत तिरक्या. स्टेशनांमधलं अंतर जवळपास सारखं. मधला भाग मोठा, बाहेरचा आवळलेला. जमिनीवरचं बाकी सगळं पुसून टाकलं, ठेवली फक्त थेम्स, तीही त्याच सरळ-तिरक्या रेघांत बसवलेली. प्रथम तो नाकारला गेला. मग १९३२ साली थोड्या प्रती वाटून पाहिल्या आणि जानेवारी १९३३ मध्ये खिशातली आवृत्ती निघाली.

त्या पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर एक मजकूर होता, तो मला फार आवडतो. जुन्या नकाशाची ही नवी मांडणी आहे, तुमचं मत कळवा, अशी विनंती आणि खाली प्रसिद्धी अधिकाऱ्याचा पत्ता! नवं काही लोकांच्या हातात देण्याची यापेक्षा सभ्य रीत मी माझ्या धंद्यात फार कमी वेळा पाहिली. आम्ही सोमवारी सकाळी स्क्रीन बदलतो आणि 'अभिनंदन, तुमच्यासाठी नवीन रूप!' असं कळवतो. अभिनंदन कोणाचं, देव जाणे.

आता विचार करा. बेकने केवढा मोठा बदल केला होता! नकाशातून अंतर काढलं, खरी दिशा काढली. नकाशात दुसरं असतं काय? 'लोकांना बदल नकोच असतो' हे खरं असतं, तर हा नकाशा महिनाभरही टिकायला नको होता. झालं उलटंच. तो इतक्या झपाट्याने संपला की लगेच पुन्हा छापावा लागला, आणि जगभरच्या मेट्रोंनी पुढे त्याचीच रीत उचलली.

कारण साधं आहे. बोगद्यातल्या प्रवाशाचे प्रश्न दोनच, कुठे बदलायचं आणि किती स्टेशनं राहिली. बेकने त्या दोन प्रश्नांची उत्तरं ठळक केली आणि बाकीचं बाजूला सारलं. त्याची किंमतही आहे, हे मान्य करायला हवं. लेस्टर स्क्वेअर आणि कोव्हेंट गार्डन ही स्टेशनं प्रत्यक्षात चालत पाच मिनिटांवर आहेत. नकाशा बघून नवखा पाहुणा ट्यूबमध्ये बसतो आणि जिने, सरकते जिने, लिफ्ट यांतच चालण्यापेक्षा जास्त वेळ घालवतो. आपल्याकडे येणारे किती पाहुणे यात फसले असतील! तरीही हिशोब एकंदरीत प्रवाशाच्या फायद्याचा होता.

याच्या उलट १९६० सालची गोष्ट. बेकला न विचारता हॅरल्ड हचिसन या प्रसिद्धी अधिकाऱ्याच्या नावाचा नवा नकाशा बाहेर पडला. बदल तसा लहान होता, कारण मूळ कल्पना बेकचीच. फक्त बेकच्या गोलसर वळणांच्या जागी टोकदार कोन आले आणि नावं कशीबशी कोंबली गेली. तो लोकांना आवडला नाही आणि चारेक वर्षांतच पॉल गारबटने नवा नकाशा आणला, गोलसर वळणांचा. बेक मात्र आपल्या नकाशासाठी वर्षानुवर्षं भांडत राहिला आणि १९७४ साली गेला. आज नकाशाच्या कोपऱ्यात त्याचं नाव छापलेलं असतं. ते बघायला तो नव्हता.

म्हणजे १९३३ चा प्रचंड बदल लोकांनी घेतला, १९६० चा लहान बदल टाकला आणि २००९ ची एक रेघ काढली तर गाव पेटलं. बदल किती मोठा, यावर लोकांचं म्हणणं अवलंबून नसतं, हे यावरून दिसतं. ते अवलंबून असतं आपला नेहमीचा प्रश्न विचारल्यावर उत्तर मिळतं की नाही, यावर.

थेम्स काढणाऱ्यांना वाटलं, बोगद्यातल्या माणसाला नदी कशाला? गाडी तर नदीखालून जाते. बेकच्याच तर्काने ते बरोबरही वाटतं. पण प्रवासी बोगद्यात राहत नाही, तो कुठेतरी बाहेर येतो. एम्बँकमेंट आणि वॉटर्लू ही नकाशात शेजारी-शेजारी दिसतात, पण मध्ये नदी आहे. चालत जायचं तर पूल ओलांडायचा, हे त्या निळ्या रेघेशिवाय कळणार कसं? आणि लंडनकर पत्ता सांगतो तोच मुळी 'साउथ ऑफ द रिव्हर' असा! लंडनकरांचं आणि नारायण पेठेचं इथे एकमत आहे. झोनचंही तसंच. डॉलिस हिल तिसऱ्या झोनमध्ये आणि वेम्ब्ली पार्क चौथ्यात, हे कळल्याशिवाय कुठलं तिकीट काढायचं ते ठरवणार कसं? 'गर्दी' म्हणून जे काढलं, ते दोन रोजच्या प्रश्नांचं उत्तर होतं.

त्याच डिसेंबर २००९ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. सर्कल लाईनचं वर्तुळ तुटलं! गाड्या गोल फिरायच्या थांबून हॅमरस्मिथपर्यंत जाऊ लागल्या आणि नकाशात वर्तुळाला शेपूट फुटलं. नाव मात्र सर्कलच राहिलं. हा बदल खटकला तरी कागदाने खोटं बोलायचं नव्हतं, कारण गाडीच बदलली होती. आपल्या मंडळाच्या जवळचं डॉलिस हिल घ्या. १९०९ साली ते मेट्रोपॉलिटन लाईनवर सुरू झालं, १९३९ पासून बेकरलूच्या तपकिरी रेघेवर गेलं आणि १९७९ पासून ज्युबिलीच्या करड्या रेघेवर आहे. गाडी बदलली म्हणून कागद बदलला. प्रश्न येतो तो गाडी तीच असताना कागद बदलला की.

आपल्या मराठीतही असं झालेलं आहे. तुमच्यापैकी काहींनी आजोबांच्या कपाटातली जुनी पुस्तकं पाहिली असतील. त्यांत 'अिंग्रजी', 'अुद्योग', 'अेक' असं छापलेलं असायचं. सावरकरांच्या लिपिशुद्धीतली ही अ ची बाराखडी. कल्पना तर्काला धरून होती, कारण ओ आणि औ आपण अ ला मात्रा देऊनच लिहितो, मग इ आणि उ यांनीच काय पाप केलं? छापखान्यातले खिळे कमी होणार, टाइपरायटर सोपा होणार आणि मुलांना अक्षरंही कमी शिकावी लागणार. तरीही ती रूढ झाली नाही. जुन्याला चिकटून बसणारे लोक, असं म्हणून मोकळं होता येतं. मला वाटतं, सोय मुख्यतः खिळे जुळवणाऱ्याची होती आणि अडखळायचं मात्र प्रत्येक वाचकाने, प्रत्येक ओळीत. कॉम्प्युटर आल्यावर खिळ्यांचं कारणही उरलं नाही. म्हणून कुठलाही बदल समोर आला की मी आता पहिला प्रश्न विचारते, सोय कोणाची आणि त्रास कोणाला?

आमच्या क्षेत्रातलं गाजलेलं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. १९९५ पासून विंडोजच्या डाव्या कोपऱ्यात 'स्टार्ट'चं बटण होतं. २०१२ साली विंडोज ८ मध्ये ते काढून टाकलं. टॅबलेटवर बोटाने वापरणाऱ्यांची सोय बघितली होती, पण टेबलापाशी माउस घेऊन बसलेल्याला वाट सापडेना. २०१३ मध्ये बटण परत आलं आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये त्यामागचा मेनूही. एवढ्या मोठ्या कंपनीलासुद्धा आपली थेम्स परत आणावी लागली!

आता माझी स्वतःची गोष्ट, जी मी आजवर कोणाला सांगितली नाही.

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या अपॉइंटमेंट विभागासाठी आम्ही नवी स्क्रीन बनवत होतो. जुनी स्क्रीन भयंकर होती, एका पानात साठेक रकाने ठासून भरलेले. मी ती छान स्वच्छ केली. वर फक्त पेशंटचं नाव आणि तारीख, बाकी जन्मतारीख, पत्ता वगैरे दुसऱ्या पानावर. सगळ्यांनी वाहवा केली. तक्रार केली ती फक्त काउंटरवरच्या एका बाईंनी. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेलं. "मला हे चालणार नाही, मला जुनंच बरं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत. का, ते त्यांना नीट सांगता आलं नाही आणि मीही नीट विचारलं नाही. अहवालात मी लिहिलं, 'अधिक प्रशिक्षणाची गरज.'

दोन महिन्यांनी एका पेशंटचं पत्र त्याच नावाच्या दुसऱ्या पेशंटला गेलं. त्या भागात पटेल आणि शहा नावाचे शेकड्यांनी पेशंट. ज्यांची तपासणी होती ते वृद्ध गृहस्थ तीन आठवडे घरी पत्राची वाट बघत बसले. सुदैवाने त्यांचं काही बिघडलं नाही. पण बिघडू शकलं असतं. जुन्या स्क्रीनवर नावाखालीच जन्मतारीख होती आणि त्या बाईंची नजर वर्षानुवर्षं आपोआप तिच्यावर पडत होती. त्यासाठी त्यांना विचारही करावा लागत नव्हता, म्हणूनच तर त्यांना शब्दांत सांगता आलं नाही! मी जे 'गर्दी' म्हणून हलवलं होतं, ती त्यांची नदी होती.

आम्ही जन्मतारीख परत वर आणली. काम दहा मिनिटांचं. मी त्या बाईंची माफी मागितली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, की तुम्ही मला आवडलं का असं विचारत होतात, मी काय करते हे कोणी विचारलंच नाही.

त्या रात्री मी पुण्याला फोन केला. "बाबा, तुमची नदी मला आज कळली."

"सापडली का?" बाबा हसून म्हणाले. इतक्या वर्षांनीही त्यांना काय ते लगेच समजलं.

याचा अर्थ प्रत्येक तक्रार बरोबर असते असा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ओव्हरग्राउंडच्या सगळ्या नारिंगी रेघांना सहा निरनिराळी नावं आणि रंग दिले, लायनेस, मिल्डमे, विंडरश, वीव्हर, सफ्रजेट आणि लिबर्टी. नावांवरून बरीच कुरकुर झाली, खर्चावरूनही. आपल्या मंडळातही 'वेम्ब्लीवरून जाणारी लायनेस म्हणजे नक्की कुठली?' असं विचारणारे भेटतात. इथे मी बदल करणाऱ्यांच्या बाजूने आहे. मुंबईत वेस्टर्न, सेंट्रल आणि हार्बर या तिन्हींना नुसतं 'लोकल' म्हटलं असतं आणि 'लोकल बंद आहे' अशी घोषणा झाली असती, तर दादरला उभ्या माणसाने काय समजायचं? पूर्वी 'ओव्हरग्राउंडला उशीर' म्हटलं की असंच व्हायचं. आता प्रवाशाला एक उत्तर जास्त मिळालं आहे. नावांची सवय होईल. इथे ते वाक्य मी निश्चिंतपणे म्हणते.

एकूण नकाशाबद्दल मात्र माझं मत फारसं चांगलं राहिलेलं नाही. २०२२ मध्ये एलिझाबेथ लाईन आली. डीएलआर, ट्राम आणि ओव्हरग्राउंडच्या सहा दुहेरी रेघा मिळून कागद इतका भरलाय, की बेकची ती मोकळी हवा उरलेली नाही. एक दिवस कोणीतरी तो पुन्हा स्वच्छ करायला घेईल आणि घ्यायलाच हवा. माझी एवढीच इच्छा आहे, की तेव्हा १९३३ सारखा मुखपृष्ठावर पत्ता द्यावा. आणि 'आवडलं का' यापेक्षा 'कुठे अडलात' हे विचारावं. पहिल्या प्रश्नाला माणूस मत सांगतो, दुसऱ्याला काम दाखवतो.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी हा प्रसंग येतो. तिकडे आईचा फोन रात्रीतून 'अपडेट' होतो, हिरवं बटण उजवीकडून डावीकडे जातं आणि तिचे फोन बंद होतात. आपण इकडून म्हणतो, "अगं आई, सोपं आहे, सवय होईल." पुढच्या वेळी, निदान एकदा, तिला विचारून बघा की आधी ती काय बघून फोन लावत होती. माझ्या आईला विचारलं तेव्हा कळलं, की ती नाव वाचतच नव्हती. आमच्या मुलीच्या फोटोवर बोट ठेवत होती, आणि नव्या मांडणीत फोटो दिसतच नव्हते. मी फोटो परत आणले. तिचा फोन त्याच संध्याकाळी आला.

बाबा २०१९ मध्ये गेले. त्यांच्या टेबलाच्या खणात बँकेच्या पासबुकांखाली तो नकाशा सापडला. बॉलपेनची शाई थोडी पसरली आहे आणि बॅटरसीपाशी नदी जरा जास्तच वळली आहे. पण वॉटर्लू पलीकडे आहे आणि आमचं घर अलीकडे. अगदी बरोबर.